सहाव्या वर्षी आलेली दाढ

"आ कर गो बाय. मोठो आ कर. डॉक्टरबाय काय खावची नाय तुका," आनंदी म्हणाली. नातीला सांगता सांगता तिचंच तोंड उघडलं गेलं होतं.

सलोनी नऊ वर्षांची. उजवा गाल इतका सुजला होता की त्या बाजूचा डोळा बारीक झाला होता. कुडाळच्या त्या दवाखान्यात खुर्चीत पाय लोंबकळत सोडून ती बसली होती. डॉक्टर नीरजांनी दिवा जवळ ओढला, आत पाहिलं आणि हातातला आरसा बाजूला ठेवला.

"कधीपासून दुखतंय?"

सलोनीची आई शर्मिष्ठाने सासूकडे पाहिलं. मग आनंदीच बोलली, "दिवाळीपासून. मी लवंग धरूक दिलंय. म्हटलंय, दुधाचो दात, पडतलो आणि दुसरो येतलो."

"आजी, हा दुधाचा नाही."

"असा कसा? अजून बरेच दात पडूचे आसत तिचे."

"ते पडतील. पण ही दाढ सहाव्या वर्षी येते, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे. ती येताना जुनं काही पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. घरोघरी हिला दुधाचीच समजतात. ही पक्की दाढ, आजी. जन्मभराची."

आनंदीने तीन पोरं वाढवली होती. त्यांचे दात आले, पडले, पुन्हा आले. पण ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

"मगे भरून दी गो. सिमेट भरतत ना?"

"भरायला दाढेच्या भिंती तरी उरायला हव्यात. आतून सगळी पोखरलीय, खाली पू आहे. आधी गोळ्या देते. सूज उतरली की काढू." डॉक्टरांनी सलोनीच्या गालाला हलकेच बोट लावलं. "अशाच बाकीच्या तीन पक्क्या दाढा चांगल्या आहेत. त्यांच्या खाचा बुजवून घेऊ, म्हणजे त्या टिकतील. गोड फार खाते का ही?"

शर्मिष्ठा न राहवून म्हणाली, "आजीच तिची खाजेवाली!"

खरंच होतं ते. नवरा गेल्यावर आनंदीने कढई धरली. बेसनाच्या जाड काड्या तळायच्या, आल्यागुळाच्या पाकात घोळवून त्यांचं खाजं करायचं आणि कार्तिकापासून या गावच्या जत्रेतून त्या गावच्या जत्रेत दुकान मांडायचं. त्यांच्या वालावल गावाच्या आजूबाजूची एकही जत्रा ती चुकवत नसे. शाळा सुटली की सलोनी तिच्याजवळ येऊन बसे. मोडके तुकडे, परातीला चिकटलेला गूळ, सगळं तिचंच. लोकांची पोरं परातीकडे बघत उभी राहत. आपल्या नातीला कधी मागावं लागत नाही, याचं आनंदीला मोठं सुख होतं.

"खाज्याचा दोष नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "पण गूळ खाचेत चिकटून बसतो. दिवसभर थोडं थोडं खाल्लं की दाताला उसंतच मिळत नाही. जेवणाबरोबर एकदा खाऊ दे, मग चूळ भरू दे. आणि रात्री ब्रश केल्याशिवाय झोपायचं नाही. तुम्ही स्वतः करून घ्या तिच्याकडून."

परतीच्या रिक्षात सलोनी आईच्या मांडीवर झोपून गेली. मग शर्मिष्ठा बाहेर बघत म्हणाली, "गणपतीत मी तुमका म्हटलंय, काळो डाग दिसता. तुमी म्हटलात, दुधाच्या दाताक कोण डॉक्टर दाखवता?"

"म्हटलंय खरा."

"मी भांडूक नाय हा, आये."

ती भांडली असती तर आनंदीला बरं वाटलं असतं.

सूज उतरेपर्यंत मध्ये एक जत्रा आली. सलोनीने सवयीने परातीत हात घातला आणि आनंदीने तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"आता नाय. रातीक जेवताना."

"एकच गो!"

"एक पण नाय."

सलोनी तोंड फिरवून रडायला लागली. शेजारी खेळणी विकणारा भाई म्हणाला, "अगो, दी मगे पोराक! खाजेवालीच्या नातीक खाजा नाय?"

"तू गप रव रे."

तेवढ्यात एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. आनंदीने पुडी बांधली आणि देताना म्हणाली, "झिलाक जेवताना दी हां. आणि मागसून चूळ भरूक लाव."

बाई हसली. भाई तर मांडीवर थाप मारून हसला. "आनंदे, उद्या मी पण गिऱ्हायकाक सांगतंय, पिपाणी घेवा, पण वाजवू नकात!"

आनंदी हसली नाही. तिने पुढची पुडी बांधायला घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच सांगितलं.

दाढ निघाली तेव्हा सलोनी फारशी रडली नाही. घरी आल्यावर कापूस काढून झाला, थंड पेज पिऊन झाली. मग ती कागदाची पुडी घेऊन अंगणात आली.

"आजी, उडव."

पडलेला दात कौलांवर उडवायचा आणि उंदीरमामाला सांगायचं, जुनो घे, नवो दी. सलोनीचा प्रत्येक दात आनंदीनेच उडवला होता आणि प्रत्येक वेळी नवा आला होता. तिने पुडी उघडली. तळहातावर दाढ होती, मधोमध काळं भोक पडलेली. हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"सलोनी, ह्यो परत येवचो नाय गो."

"उडवलंस तरी?"

"उडवलंय तरी."

"कित्याक?"

"ह्यो दुधाचो नव्हतो. माका कळाक नाय."

सलोनीने दाढेच्या जागी जीभ लावून पाहिली. "मगे हय असाच रवतला? रिकामा?"

आनंदीच्या उजव्या बाजूच्या सगळ्या दाढा कधीच गेल्या होत्या. लोकांना दिसू नये म्हणून ती हसताना पदर तोंडावर धरायची, आणि ती सवय इतकी जुनी होती की आता कुणाच्या लक्षातही येत नव्हती. ती पायरीवर बसली, पदर खाली सोडला आणि उजेडाकडे तोंड करून आ केला.

सलोनी जवळ आली. तिने आधी डोकावून पाहिलं, मग हळूच बोट आत घातलं आणि हिरडीवरून फिरवलं.

"दुखता?"

आनंदीने मान हलवली. नाही.

"ह्या बाजून तुका काय्येक खावक गावणा नाय?"

पुन्हा तीच मान. नाही येत खाता.

बांधावरून खेळणीवाला भाई पुढच्या जत्रेला निघायची हाक मारत येत होता. सलोनी अजून आत बघत होती. तिचं बघून होईपर्यंत आनंदीने तोंड मिटलं नाही.