तेओदीची अदलाबदल

"ह्याला टीम म्हणायचं असेल, तर माझ्या तीनचाकीला विमान म्हणा," मांग ओसियास, म्हणजे आमचे ओसियासकाका, माझ्या कानाशी पुटपुटले. कानाशी अशासाठी, की मॅचच्या संध्याकाळी आलिंग चारिंगच्या दुकानापुढच्या बाकावर अख्खी गल्ली दाटीवाटीने बसते आणि ज्याला जे म्हणायचं ते शेजाऱ्याच्या कानातच म्हणावं लागतं. ओसियास दिवसभर बाजार ते चर्च अशी तीनचाकी चालवतात आणि संध्याकाळी बितुइन सार्डिन्सला शिव्या घालतात. दुसऱ्या कामात ते जास्त मन लावतात.

बितुइन सार्डिन्स ही आमची बास्केटबॉलची टीम. मालकाचा धंदा डब्यातल्या मासळीचा. आमच्याकडे सगळ्याच टीम कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या असतात, कुणी बिस्किटवाले, कुणी रंगवाले. पण आमच्या मालकाचं वेगळेपण असं, की हालिगी सिमेंट नावाची दुसरी टीमही त्याचीच. दोघी लेकी एकाच बापाच्या, पण एकीच्या ताटात तुकडे आणि दुसरीच्या ताटात काटे. आमचा सगळ्यात चपळ गार्ड गेल्या वर्षी सिमेंटवाल्यांकडे गेला आणि बदल्यात आम्हाला बोयेट नावाचा सेंटर मिळाला. बोयेट उंचीला नारळाचं झाड आहे. चपळाईलाही नारळाचं झाडच.

"शिवाय पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांतून पहिला निवडायचा हक्कही आपल्याला मिळालाय," असं आमचा मॅनेजर टीव्हीवर छाती फुगवून सांगत होता. तो हक्क त्याने पावसाळा संपायच्या आत परत सिमेंटवाल्यांनाच दिला आणि त्याबदली एक सहायक कोच आणला. खेळाडू देऊन कोच!

"ह्या माणसाला बाजारात पाठवला तर डुक्कर देऊन मिरची घेऊन येईल," आलिंग चारिंग म्हणाली होती.

"आणि मिरची वाटेत हरवून येईल," ओसियासनी भर घातली.

आणि टेरेल. प्रत्येक टीमला एक परदेशी खेळाडू ठेवायची मुभा असते. इतरांचे परदेशी उड्या मारून रिंगला लोंबकळतात. आमचा अमेरिकेहून आला तोच दमलेला. पहिली मॅच हरल्यावर म्हणाला, इथली हवा फार दमट आहे. आमच्या मारिकिना शहरातली हवा दमट आहे हे सांगायला आम्ही इतक्या लांबून माणूस मागवला.

अशी एकेकाची सालटी काढण्यात आमच्या संध्याकाळी मजेत जात. फक्त एका खेळाडूचं नाव त्यात कधी येत नसे. तेओदीचं.

तेओदी आमच्या गल्लीतला. प्रार्थनाघरासमोरच्या विजेच्या खांबाला ठोकलेल्या रिंगवर तो शिकला, बितुइनमध्ये गेला आणि पंधरा वर्षं तिथेच राहिला. आता सदतिसावं चालू आहे. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातल्या लेकराचा तो धर्मपिता आहे. बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरली आणि सुटला, असं धर्मपित्याचं नसतं. पोराचा बाप आणि तो त्या दिवसापासून एकमेकांचे 'पारे' होतात, सख्ख्या भावाहून जवळचे, आणि पारेबद्दल वावगा शब्द त्याच्या पाठीमागेही काढत नाहीत. आम्ही मोठ्या हौसेने आपापली पोरं तेओदीच्या हातात दिली आणि त्याच हौसेने आपापली तोंडं शिवून घेतली. माझी रोवेनाही त्याचीच धर्मकन्या.

त्या शुक्रवारी शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या टीमचा एक मिसरूड फुटलेला पोरगा चेंडू घेऊन तेओदीच्या बाजूने असा निघून गेला, जसा कुणी देवळाच्या उघड्या दारातून आत जावा. तेओदी वळला, पण तो पुरता वळेपर्यंत पोराचा चेंडू रिंगमधून खाली आला होता.

बाकावर सगळ्यांना एकदम कामं आठवली. ओसियास कुत्र्यावर खेकसले. चारिंगने तळलेल्या मासळीवर आणखी व्हिनेगर कुणाला हवंय म्हणून विचारलं. मी घरी बुटांचे तळ चिकटवते, त्यामुळे मला माझ्या चपलेचा तळ निरखायला बहाणा लागत नाही. ज्याने त्याने पुरेसा वेळ घालवल्यावर ओसियास ओरडले, "बोयेट! अरे नारळा, मागे कोण बघणार? तुझा आजा?"

बोयेट तेव्हा मैदानावर नव्हताच. तो कडेला टीमच्या बाकावर बसून टॉवेलने मान पुसत होता.

फक्त एकीने टीव्हीवरून नजर काढली नव्हती. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत नानाय साबेल बसल्या होत्या. तेओदीची आई. पोराच्या हुकलेल्या शॉटकडेही त्या, दूध उतू जाईल म्हणून बघावं, तशा एकटक बघतात.

मॅच हरलो. ते काही नवीन नव्हतं. नवीन ते नंतर निवेदकाने सांगितलं. बितुइन तेओदीला ग्लोरिया बिस्किटला देऊन टाकणार आणि बदल्यात त्यांचा बावीस वर्षांचा गार्ड घेणार. तेओदीचा करार संपत आलाय, त्यामुळे तो बिस्किटवाल्यांकडे एक वर्ष खेळायला हो म्हणाला तरच हे जमणार. नाहीतर त्याने खेळ सोडायचा आणि मासळी कंपनीच्या विक्री खात्यात टेबलाशी बसायचं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं.

चारिंगने कढईखालची आग बारीक केली. मग एकच कल्ला.

"ग्लोरिया बिस्किट! खालून पहिली टीम!"

"पंधरा वर्षं पोराने घाम गाळला आणि बिस्किटाच्या पुड्यावर बोळवण!"

"मॅनेजरला लाज नाही. हा उद्या स्वतःच्या सासूची पण अदलाबदल करेल."

"सासूच्या बदल्यात आणखी एक सहायक कोच आणेल."

"त्याला टाकायचं नाहीच," छपाईवाला एल्मर उठून म्हणाला. "भलामोठा फलक करू. रविवारी तेओदी जेवायला येतोय, त्याला दाखवू, आणि संध्याकाळी मॅचला कॅमेऱ्यासमोर धरू. सगळ्यांत पुढे नानाय. आई रडताना दिसली की मालक विरघळतात."

सगळे नानायकडे बघू लागले. त्यांनी पदरासारखा खांद्यावर टाकलेला रुमाल सारखा केला. "रविवारी येतोय ना तो," त्या म्हणाल्या. "बघू." आणि खुर्ची उचलून घरी गेल्या.

"भरून आलं बिचारीला," ओसियास म्हणाले.

शनिवारी मी नानायच्या दुरुस्त केलेल्या सपाता द्यायला गेले. दारातच अडखळले, कारण बैठकीच्या खोलीत पलंग आला होता. वरच्या खोलीतला, तेओदीचा.

"हे काय, पलंग खाली?"

"उद्या तो राहणार आहे. जिना..." त्यांनी उशी सारखी केली. "वर उकडतं."

वरच्या खोलीला दोन्हीकडे खिडक्या आहेत आणि नदीवरचा सगळा वारा तिथेच येतो. "हो, उकडतं खरं," मी म्हणाले. आणि मग तोंड बंद ठेवावं ना? ते नाही. "नानाय, मला विचाराल तर सगळा दोष त्या टेरेलचा आहे. तो धावत नाही म्हणून तेओदीला दोघांचं धावावं लागतं."

"पुरिंग, गेल्या खेपेला चर्चमध्ये त्याने गुडघे टेकले," त्या सपाता उलट्या करून टाके बघत म्हणाल्या. "मग उठता येईना. शेजारच्या बाईने हात धरून उठवला. माझ्याहून म्हातारी बाई."

"कोचच त्याला जास्त वेळ उभा करतो."

"दर मॅचच्या आधी सुई टोचून गुडघ्यातलं पाणी काढतात. सूनबाईने सांगितलं. डॉक्टर म्हणालेत, आणखी एक वर्ष असं काढलंस तर मग तुझा तू चालायचा नाहीस. काठी, नाहीतर खुर्ची." त्यांनी सपाता पायात घातल्या. "चांगले टाके घातलेस."

मला तेव्हा काहीतरी बोलता आलं असतं. मी बोयेटच्या पोटाबद्दल बोलले. बऱ्यापैकी लांब बोलले.

रविवारी दुपारी फलक आला तेव्हा गल्लीत टेबलं मांडून झाली होती. वर लाल अक्षरांत 'आमच्या तेओदीला हात लावू नका!' आणि खाली हसरा, गुबगुबीत, आमच्या वॉर्डाचा कागावाद, म्हणजे नगरसेवक. निवडणूक जवळ आली होती. छपाईला त्यानेच हातभार लावला होता आणि चेहऱ्यासकट लावला होता.

"आणि तेओदी कुठाय?" मी विचारलं.

"आहे की," एल्मर जरा खाली बघत म्हणाला. "हा काय, कागावादांच्या कोपराखाली."

"बितुइनवाल्यांनीही इतक्या कोपऱ्यात नाही टाकला त्याला," चारिंग म्हणाली.

तेओदीची गाडी थांबली. आधी एक पाय बाहेर आला, मग दाराच्या चौकटीवर हात, मग बराच वेळ काही नाही. आम्ही सगळे पान्सित शेवयांच्या परातीवरच्या माश्या हाकलण्यात गढून गेलो. मान वर केली तेव्हा तो उभा होता, दारातून आत जाताना वाकावं लागणारा, हसणारा, आणि पोरांची रांग आशीर्वादासाठी त्याचा हात आपापल्या कपाळाला लावून घेत होती.

त्याने फलक पाहिला आणि तोंडावर हात धरला. इतका मोठा माणूस, पण डोळे पोरासारखे भरले. "कुणी केलं हे?"

"सगळ्यांनी, पारे," ओसियास म्हणाले. "बस. खा आधी."

जेवताना आम्ही त्याला हवं ते सगळं वाढलं. मॅनेजर गाढव, कोच आंधळा, बोयेट झाड, टेरेल पाहुणा. तेओदी हसून हसून ठसकला. त्यानेही एक-दोन गोष्टी सांगितल्या. टेरेलला विश्रांतीच्या वेळात डुलकी लागली आणि मॅचच्या उत्तरार्धासाठी उठवायला माणूस पाठवावा लागला, हे ऐकून चारिंगच्या हातातली डाव खाली पडली. नानाय साबेल त्याच्या शेजारी बसून त्याच्या ताटात भात घालत होत्या, आणि मधूनच टेबलाखाली बघत होत्या. त्याने उजवा पाय सरळ लांब सोडला होता. तो वाकत नव्हता.

हसणं थोडं ओसरल्यावर त्याने चमचा ठेवला.

"उद्या उत्तर द्यायचंय. मी ठरवलंय, मासळीवाले नको म्हणतात तर जातो बिस्किटवाल्यांकडे. एक वर्ष. त्या बावीस वर्षांच्या पोराला समोर घेतो आणि दाखवतो." त्याने ताट जरा दूर सारलं. "टीव्हीवाले काय काय बोलतात. बायको तर रोज रडते. तुम्ही माझी माणसं आहात, मला पहिल्यापासून बघताय. खरं सांगा. अजून खेळता येतं ना मला?"

"हा काय प्रश्न झाला, पारे?" ओसियास टेबलावर हात आपटून म्हणाले. "तुझ्याभोवती सगळी झाडं उभी केलीत, म्हणून! एक वर्ष तर सहज."

"दोन," एल्मर म्हणाला.

"तीन म्हणा," चारिंग म्हणाली. लिलावच सुरू झाला. कागावाद तेवढ्यात हात मिळवायला आला होता, तो चार म्हणून गेला.

तेओदी मात्र तेवढ्यावर निवला नाही. एकेकाचा चेहरा चाचपडत त्याची नजर माझ्यापर्यंत आली. "पुरिंग, तू सांग. तू तोंडदेखलं बोलत नाहीस."

पलीकडे रोवेना बसली होती, तिच्या गळ्यात त्याने दिलेली बारीक साखळी. "तुझ्या पासला अजून तोड नाही," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पास उभ्या उभ्या देता येतो.

त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला. त्याने खिशातून फोन काढला. "मग उद्यापर्यंत कशाला थांबायचं? बिस्किटवाल्यांना आत्ताच कळवतो." टाळ्या पडल्या. एल्मरने फलकाची दोरी ताणून बांधली. तेओदी नंबर शोधत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की शेजारून आवाज नाही.

"नानाय, तू काहीच बोलली नाहीस."

त्यांनी भाताचा मोठा चमचा पातेल्यात ठेवला. रुमाल घेऊन त्याची घामाने भिजलेली मान पुसली, लहानपणी खांबाखालून धरून आणत तेव्हा पुसायच्या तशी, जरा रगडून. फोनवरचा त्याचा हात तसाच धरून ठेवला.

"तुला आता खेळता येत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "बोयेटमुळे नाही, त्या परक्या पोरामुळे नाही. तुलाच येत नाही."