हातभर अंतरावर

सिस्टरची खुर्ची काकांच्या पलंगापासून हातभर अंतरावर असायची. तसा नियमच होता. काकांनी दोनदा जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. त्यांना क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही, न्हाणीघराचं दारही लावू द्यायचं नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी कागदावर नोंद करायची. दिवसपाळी सिस्टरची.

काकांनी तीस वर्षं शाळेची गाडी चालवली. दोन महिन्यांपूर्वी घरासमोर गाडी मागे घेताना चार वर्षांची नात "आजोबा आले!" म्हणत मागून धावत आली. त्यांना ती दिसलीच नाही.

इस्पितळात आल्यावर आठ दिवस त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "लग्नाच्या बायकोनंही कधी इतकं टक लावून पाहिलं नाही हो मला!"

सिस्टरला हसू फुटलं. काकाही हसल्यासारखे झाले आणि लगेच ओशाळले, जणू हसणं हा गुन्हाच.

"असं मी एकदा मागे बघितलं असतं तर..." ते म्हणाले.

सिस्टरने कागदावर पंधरा मिनिटांची नोंद केली.

दुपारी दाराच्या काचेपलीकडे काकांची मुलगी दिसली. त्या नातीची आई. दुसऱ्या नर्सला खुर्चीवर बसवून सिस्टर बाहेर गेली.

"आत येता?"

"नाही जमायचं. बाबा दिसले की मला तीच दिसते." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "जेवतात का?"

"दोन घास. तेही मागे लागल्यावर."

"जेवा म्हणावं." ओढणी तोंडात कोंबून ती जिना उतरली.

सिस्टरने काही लपवलं नाही. "काका, मुलगी आली होती. जेवा म्हणाली."

काकांनी गार झालेलं ताट पुढे ओढलं. एकेक घास पाण्याबरोबर ढकलत त्यांनी सगळं संपवलं.

"परत येईल ती?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. "माहीत नाही, काका."

ते भिंतीकडे तोंड करून निजले. चेहरा दिसायला हवा, असा नियम होता. सिस्टरने त्यांना वळवलं नाही. हात पांघरुणाबाहेर आहेत एवढं पाहिलं आणि गदगदणाऱ्या पाठीवर नजर ठेवून बसली.

मुलगी पुन्हा आली नाही. काका मात्र औषध घ्यावं तसं रोज जेवत राहिले. महिन्याभराने धाकटा भाऊ त्यांना आपल्या घरी घेऊन जायला आला. निघताना काका म्हणाले, "तिला कळवाल? म्हणावं, जेवतो."

सिस्टरने फोन लावला. निरोप सांगितला.

"बरं," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.