बाईंच्या मागची रांग

धोक्याची घंटा वाजली आणि वरच्या मजल्यावरच्या शिशुवर्गाने सगळ्या शाळेची अब्रू घालवली.

मुलं काही वाईट वागली नाहीत. उलट फारच चांगली वागली. घंटेसरशी सगळी उठली, कुणी कुणाला ढकललं नाही. दारातून बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बुटांच्या मांडणीपाशी गेली आणि तिथेच फरशीवर फतकल मारून आपापले बूट घालायला लागली. पट्टी कडीतून ओवायची, ओढायची, दाबायची. ज्याचं झालं तो शेजारच्याला मदत करायचा. त्यांच्या मागे तिसरीचा वर्ग खोळंबला, तिसरीच्या मागे चौथीचा. जिन्याच्या तोंडाशी अग्निसुरक्षेचे तपासनीस उभे होते. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं आणि घड्याळ खिशात टाकलं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "सराव होता म्हणून बरं. धूर काही पट्ट्या लावून होईपर्यंत थांबत नाही हो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शिशुवर्गाच्या बाईंना झालं. बुटांचा हा नेम त्यांनीच लावलेला. खेळाच्या मैदानावर खडी. फार पूर्वी एका मुलाचा पाय चिरला, तेव्हापासून 'बुटाशिवाय वर्गाबाहेर पाऊल नाही' हे त्यांचं ब्रीदच झालं होतं. बाकीच्या शिक्षिका पाठीमागे त्यांना 'बूटबाई' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. घरी घासघास भरवून घेणारं पोर शाळेत स्वतः बूट घालतं, हे पाहून आया विचारायच्या, "काय जादू केलीत हो?" तेव्हा बाई म्हणायच्या, "जादू कसली? रोज न चुकता एकच गोष्ट करायची. दगडालाही सवय लागते."

आता ती सवयच मुळावर आली होती.

मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत तपासनीसांनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. बाहेर पडायच्या वाटेत मांडणीच काय, कुंडीसुद्धा चालणार नाही. तसा कायदाच आहे. धोके शाळेने स्वतः शोधायचे, स्वतः दूर करायचे आणि त्याची जबाबदारी मोठ्या बाईंची. "पुढचा सराव याच आठवड्यात, न सांगता," ते म्हणाले. "शिशुवर्ग पुन्हा अडकला, तर त्याला वरच्या मजल्यावर बसवता येणार नाही."

"खाली एक खोली रिकामी नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग वर्ग बंद ठेवावा लागेल."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी जिने बघितले, तारा बघितल्या, वाळूच्या बादल्या भरून घेतल्या. तुमचे बूट मला काय ठाऊक!"

घरी सुनेने ऐकलं आणि पोळीचा तवा उतरवून ठेवला. ती रुग्णालयात परिचारिका होती. मुलगा कामानिमित्त दुसऱ्या गावी, आणि त्यांची मुलगी ठमी याच शिशुवर्गात. "आई, वर्ग बंद पडला तर हिला काय पाठुंगळीला बांधून कामावर नेऊ?"

"नाही पडणार बंद. लावली ती सवय मोडायलाही येते मला."

पण मोडणं जडच गेलं. मांडणी उचलून वर्गात, मागच्या कोपऱ्यात कपाटाआड ठेवली. मग बाई रोज घंटा वाजवायच्या: उठा, हात धरा, माझ्या मागे चला. मुलं उठायची आणि चालता चालता डोळे कोपऱ्याकडे वळायचे. वर्गात एक पोरगा होता, प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घेणारा. त्याला सगळे वकील म्हणत.

"बाई, बूट जळाले तर?"

"जळू देत."

"मग बाबा रागावतील."

"नाही रागावणार."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे आमच्या घरी राहता?"

बाईंना वाटलं, पोराचं खरं आहे. आपला शब्द या दारापर्यंत, पुढे घरच्यांचा. दुसऱ्या दिवशीपासून मुलांना सोडायला येणाऱ्या प्रत्येक आईला, बापाला, आजोबांना त्यांनी वर्गाच्या दारात उभं केलं आणि मुलांसमोर मोठ्याने म्हणायला लावलं, "बूट जळाले तरी चालतील. तू बाहेर ये." काही हसले. एक आई म्हणता म्हणता रडायलाच लागली. वकिलाचे बाबा खाकरून म्हणाले, "चालतील. पण उगाच जाळू नकोस." मुलांची रांग त्या दिवसापासून कोपऱ्याकडे न बघता बाहेर पडू लागली.

ठमीच्या आईला तेवढं बोलावलं नाही. तिची सकाळपाळी. शिवाय ती घरचीच. तिला काय दारात उभं करायचं?

ठमीच्या बाबतीत बाई आणखीही एक करायच्या. वर्गात नात असली की लोकांच्या जिभेला हाड नसतं. "वाढपी घरचा, मग काय!" असं एकदा शिक्षकांच्या खोलीत ऐकलं होतं. म्हणून रांगेत त्या तिला कधीच आपलं बोट धरू देत नसत. पुढे स्वतः, मागे वर्गाच्या मावशी आणि ठमी मध्ये कुठेतरी, चार पोरांसारखी.

घंटा वाजली ती चित्रकलेच्या तासाला. "आला बाई तुमचा न सांगता येणारा पाहुणा," मावशी पुटपुटल्या आणि खडू पुसल्यासारखे हात झटकून उठल्या. मुलंही हसत उठली. उठा, हात धरा, चला. बाई पुढे निघाल्या. व्हरांडा मोकळा होता. तिसरीचा वर्ग मागच्या जिन्याकडे वळताना दिसला आणि बाईंना नवल वाटलं, पुढचा जिना सोडून मागचा का? मग वास आला. जळक्या रबराचा, घशाला ओरबाडणारा.

पुढच्या जिन्याखाली विजेचा बोर्ड होता. तिथून काळा धूर जिना चढत होता, माणसासारखा, एकेक पायरी.

तपासनीस कुठेच नव्हते. हा सराव नव्हता.

"माझ्या मागे," बाई म्हणाल्या. आवाज रोजचाच ठेवला. तो कसा ठेवता आला ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. "आज मागच्या जिन्याने. हात सोडायचा नाही." पाठीमागे मावशींनी वर्गाचं दार ओढून घेतल्याचा खट्ट आवाज आला. शेवटच्याने दार लावून घ्यायचं, म्हणजे धूर आत शिरत नाही, हे सरावात ठरलं होतं. रांग जिना उतरली, मैदान ओलांडून कुंपणाजवळच्या जागेवर जाऊन थांबली. अनवाणी पायांना खडी टोचत होती, मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, पण एकानेही हात सोडला नव्हता.

बाईंनी डोकी मोजली. मग नावं घेत मोजली.

"मावशी, ठमी?"

मावशींचा चेहरा पांढरा पडला. "तुमच्यापाशी नाही? मला वाटलं... अहो, आजीच्या बोटाला असेल म्हटलं! धूर दिसल्यावर तुम्ही घेतलं असेल पुढे..."

बाईंना जिना, व्हरांडा, काही आठवावं लागलं नाही. ठमी कुठे आहे ते त्यांना लख्ख दिसलं: कोपऱ्यात, कपाटाआड, मांडणीपाशी खाली बसलेली. परवाच आईने नवे बूट आणले होते. 'जपून वापर, विसरून येऊ नकोस कुठे,' हे घरात बाईंच्या समोरच बोलणं झालं होतं. त्यावर त्यांनी हूं का चूं केलं नव्हतं.

त्या इमारतीकडे वळल्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि पाठीमागे खडी वाजली.

त्यांनी वळून पाहिलं. सगळी रांग त्यांच्या मागे दोन पावलं आली होती. हातात हात, माना वर, डोळे बाईंच्या पाठीवर. त्यांनी शिकवलं होतं तस्सं. बाई जातील तिथे.

"मावशी, धरा यांना!"

मावशींनी हात पसरले. पण मुलं मावशींच्या बगलेखालून बाईंकडेच सरकत होती. आता त्यांनाही काहीतरी कळलं होतं, दोघंतिघं रडायला लागली होती आणि भ्यालेलं पोर आणखी घट्ट चिकटतं. बाई धावल्या असत्या तर मुलंही धावली असती. त्या जिन्याकडे.

बाई थांबल्या. आयुष्यात बरेच नेम त्यांनी पाळले होते, उपासतापास केले होते. पण जागच्या जागी उभं राहण्याएवढं कठीण काही देवाने कधी मागितलं नव्हतं. त्या मुलांकडे तोंड करून, शाळेकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "मोठ्या बाई! एक मूल वर आहे! शिशुवर्ग, दार बंद आहे, मागच्या कोपऱ्यात, कपाटाआड, बुटांपाशी!"

मोठ्या बाई फाटकाकडे पळत सुटल्या. बंबाचा भोंगा रस्त्यावर ऐकू येत होता, जवळ येतोय की तिथेच अडकलाय ते कळत नव्हतं.

"बाई, ठमी जळणार?" वकिलाने विचारलं.

"नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"हात धर," त्या म्हणाल्या. त्याने एक हात शेजारच्याचा धरलेलाच होता. दुसरा बाईंचा धरला.

बंब आत शिरला. मोठ्या बाई धापा टाकत तेच शब्द सांगत होत्या: दार बंद, कोपरा, कपाट, बूट. दोन जवान तोंडावर मुखवटे ओढत मागच्या जिन्याने वर गेले. वरच्या व्हरांड्याच्या खिडक्या आता काळवंडल्या होत्या. बाई ते बघत नव्हत्या, मुलांच्या तोंडावर बघत होत्या. शाळेत काय होतंय ते त्यांना त्याच तोंडांवरून कळायचं होतं.

आधी एका मुलीचे डोळे मोठे झाले. मग वकील किंचाळला, "बूट घालून आलीये!"

तेव्हा बाई वळल्या.

जवानाच्या खांद्यावर ठमी होती. दोन्ही पायांत बूट, दोन्ही पट्ट्या नीट लावलेल्या. वर्गात धूर शिरला नव्हता. लावलेल्या दाराने तो बाहेरच अडवला होता. दाराच्या कडीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, म्हणून ती दाराशी रांग लावून उभी होती. एकटीच.

सून रुग्णालयाच्या कपड्यांतच धावत आली. तिने मुलीला उराशी धरलं, सगळीकडून चाचपून बघितलं. बाईंनी तिला काही विचारायची वेळ येऊ दिली नाही. "सगळ्यांना दारात उभं केलं मी. तुलाच सोडलं, घरची म्हणून. माझी चूक."

सुनेने ठमीच्या बुटांच्या पट्ट्या सोडल्या. मग म्हणाली, "बूट जपायला मीच सांगितलं होतं, आई."

दुपारी तपासनीस आले. मोठ्या बाई म्हणाल्या, "देवाची कृपा, सगळी मुलं सुखरूप." त्यांना बोलणं तिथेच थांबवायचं होतं, हे त्यांच्या नजरेत दिसत होतं. सून दारात उभी होती, तिची नोकरी याच वाक्यावर तोललेली.

"एक मागे राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गातलं. मावशींना वाटलं माझ्यापाशी आहे, मला वाटलं रांगेत आहे."

तपासनीसांनी मान हलवली. "मग ही मुलं वर नाही बसणार."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या खोलीचं दार सरळ मैदानात उघडत होतं. "माझ्या खोलीत बसवा," त्या एकदम म्हणाल्या. "टेबल मी बाहेर व्हरांड्यात टाकते."

"व्हरांड्यात नाही," तपासनीस म्हणाले.

"अहो, मग काय डोक्यावर घेऊ?" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

सोमवारी शिशुवर्ग खाली बसला. बाईंनी नवीन धडा काढला. रांग घेऊन मैदानात जायचं आणि मध्येच बाईंनी वळून शाळेकडे चालायला लागायचं. "मी मागे गेले तर तुम्ही यायचं नाही. मावशींबरोबर पुढे जायचं."

पहिल्यांदा सगळीच्या सगळी वळली. दुसऱ्यांदा निम्मी. वकील वळला नाही, पण तिथेच खुंट्यासारखा उभा राहिला.

"मग बाई, तुम्ही?"

"मी येईन मागून."

"नक्की?"

बाईंना खोटं बोलवेना. "तू पुढे चल," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा, सगळ्यांनी."

त्या वळल्या आणि शाळेकडे चालू लागल्या. पाठीमागे खडी वाजत होती; या वेळी आवाज लांब लांब जात होता. बाई दारापर्यंत गेल्या. मागे वळून बघितलं नाही, कारण त्यांनी बघितलं असतं तर ठमीनेही वळून बघितलं असतं आणि ती मागे फिरली असती.