चुन्याचं बोट

आमच्या धाकट्या बहिणीचं, पद्मेश्वरीचं, लग्न झालं ते १९६८ साली, फागुन महिन्यात. मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडले होते, आणि माझा पाठचा भाऊ कंदर्प औषधशास्त्र शिकायला कोलकात्याला निघाला. डॉक्टर तो आधीच झाला होता. गावाला वाटलं होतं, आता हा पेटी घेऊन घरोघर फिरेल. थानेश्वर खुरा, म्हणजे आमचा चुलता, तर त्याच्यासाठी जुनी सायकलसुद्धा बघून आला होता.

"आणखी काय शिकायचं राहिलंय रे? सुई टोचता येते ना तुला?" खुराने विचारलं.

"सुईत काय भरायचं ते शिकायला चाललोय, खुरा."

"ते तर दुकानदार सांगतो!"

सगळे हसले. कंदर्पही हसला. पण त्याचं मन त्यात नव्हतं. आमचे वडील तापाने गेले तेव्हा तो शाळेत होता. भूतानचे डोंगर आमच्या गावाच्या डोक्यावरच आहेत. पाऊस लागला की पायथ्याच्या रानातून डास उठतात आणि दर वर्षी ताप येतो. वडिलांना गोळ्या मिळाल्या होत्या, वेळेवर मिळाल्या होत्या, पण त्या लागू पडल्या नाहीत. तापाला जुन्या गोळ्यांची सवय झाली आहे, असं तो म्हणायचा. नवी गोळी पाहिजे.

पुढची अठरा वर्षं तो त्या एका गोळीच्या मागे होता. गुवाहाटीच्या मेडिकल कॉलेजात नोकरी, कॉलेजच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली, तिथे पिंजऱ्यात उंदीर. लग्न केलं नाही. घरी आला की अंगाला उंदरांचा वास यायचा आणि माझी बायको सोणपाही त्याला आधी विहिरीवर पिटाळायची.

"आधी आंघोळ, मग पाया पडा. मांजर मागे लागेल तुमच्या."

"नबौ, हे उंदीर तुमच्याआमच्यापेक्षा स्वच्छ असतात."

"मग त्यांनाच आणा जेवायला. तुम्ही बाहेर बसा."

वहिनीला आम्ही नबौ म्हणतो. तो तिच्यापुढे लहान मुलासारखा वागायचा. छापून आलेले कागद आणायचा आणि मला दाखवायचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मी कागद हातात धरायचो, आणि तो कुठे त्याचं नाव आहे तिथे बोट ठेवायचा.

गोळी तयार झाली. उंदरांवर चालली, मग माणसांवर. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना वॉर्डात ठेवून त्यांनी गोळी दिली आणि रक्त तपासलं. रक्तात औषध भरपूर उतरलं. त्या खेपेला तो दुपारच्या बसने आला, आणि वेशीपासूनच मोठ्याने बोलत आला. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची, एवढंच पथ्य. दुधाबरोबर घेतली तर पोटातच अडकते, रक्तात जात नाही.

"आणि आपल्याकडे दूध पितो कोण?" तो म्हणाला. "सगळे लाल चहावाले. ककाइदेउ, ही गोळी जणू आपल्या माणसांसाठीच बनली आहे."

मला तो ककाइदेउ म्हणायचा, थोरला भाऊ म्हणून.

आता ती खऱ्या तापावर लावून बघायची होती, आणि त्याने आपलंच गाव निवडलं. १९८६ चा आहार, म्हणजे आषाढ महिना होता, घरोघर माणसं कुडकुडत पडली होती. आमचं अंगण नामघराला, गावाच्या प्रार्थनाघराला, लागून, मोठं. तिथे चटया टाकल्या. गुवाहाटीहून दोन माणसं रक्त घ्यायला आली. सोणपाहीलाही ताप होता. तीही त्यांच्यातच बसली.

नियम असा होता की गोळी डॉक्टरसमोर गिळायची आणि तासभर तिथेच बसायचं, म्हणजे कुणी घरी जाऊन भात खाणार नाही. पहिल्या दिवशी थोड्याच वेळात लोक उठायला लागले. खुराच पुढे होता, अंगावर घोंगडं, दात वाजत होते, तरी तोंड चालू.

"घरी बोलावलंस, तासभर बसवलंस, आणि पुढे तामूल नाही? मयताला आलोय का आम्ही?"

तामूल म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. आमच्याकडे वैऱ्याच्या पुढेही ते ठेवतात. कंदर्पचा चेहरा उतरला. अठरा वर्षं शहरात राहिला म्हणून हा घरची रीत विसरला, असं गाव म्हणेल, याची त्याला लाज वाटली.

"नबौ, आधी सगळ्यांना तामूल द्या. आपलं घर आहे हे, दवाखाना नाही."

सोणपाहीने उंच पायाचं पितळी तबक काढलं. ताप अंगात असताना तिने सुपारी फोडली, पानं पुसली, चुना लावला. घरची बाई पाहुण्याला तामूल देते तेव्हा स्वतःही एक तोंडात टाकते, नाहीतर ते देणं पुरं होत नाही. इतके पाहुणे होते. तिचं तोंड दिवसभर लाल होतं. लोक बसले, गप्पा रंगल्या, कंदर्प खूष झाला. त्याने स्वतः एक गालात धरलं आणि चटयांमधून फिरत प्रत्येकाला विचारू लागला.

"काही खाल्लं?"

"काही नाही, डॉक्टर."

"दूध, दही?"

"दूध कुठलं! वासरालाच पुरत नाही."

खुराने तर हात जोडले. "बाबा रे, काल रात्रीपासून पोटात एक कण नाही. नुसता तुझ्या नावाचा उपास चाललाय."

सगळे खरं बोलत होते. तामूल खाल्लं म्हणजे काही खाल्लं, असं आमच्यात कुणी धरत नाही. तसं विचारणाऱ्यालाही वाटलं नाही. तोही आमच्यातलाच.

ताप उतरला नाही. थोड्या जणांचा उतरला, तोही गोळीशिवाय उतरला असता तसा. तिसऱ्या दिवशी रक्त घेणाऱ्या माणसांनी सांगितलं की आता थांबवू, सगळ्यांना जुन्या कडक औषधाच्या सुया देऊ, त्या अजून लागू पडतात. कंदर्पने इतरांना सुया द्यायला सांगितलं. सोणपाहीची सुई मात्र त्याने थांबवली आणि तो तिच्याजवळ बसून राहिला. तिला सकाळी जरा घाम आला होता.

"नबौ, घाम आला म्हणजे गोळी लागू पडतेय. एक दिवस थांबा, उद्या उतरेल बघा."

"उतरेल तर उतरेल," ती म्हणाली. "तुमच्या गोळीने एकजण तरी बरं व्हायला नको का? नाहीतर खुरा तुम्हाला सायकल देईल."

ती त्याला हसवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाक मारली तर ओ आली नाही. डोळे उघडे होते. जीप मिळेपर्यंत उन्हं वर आली. शहराच्या वाटेवर, पुलाच्या अलीकडे, माझ्या मांडीवर तिचं डोकं जड झालं.

खुराला सुयांनी बरं वाटलं. तो पुढे खूप वर्षं जगला आणि त्या गोळीबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

मग गुवाहाटीला कॉलेजात गोळीबद्दल बैठक झाली. तिथे काय झालं ते मला कंदर्पने सांगितलं. गावातल्या जवळजवळ कुणाच्याच रक्तात औषध सापडलं नव्हतं. सापडलं तेही नावापुरतं. अध्यक्ष डॉक्टर बरठाकुर कागद खाली ठेवून म्हणाले, "पाटगिरी, वॉर्डातल्या मुलांच्या रक्तात इतकं औषध, आणि तुमच्या गावात नुसतं पाणी? मग वॉर्डातले आकडे तुम्ही आणले कुठून?"

"मोजून आणले, सर."

"मग तिकडेही मोजूनच आले असतील. दोन्हींतलं एक खोटं आहे, आणि गावाला खोटं बोलण्याचं काही कारण नाही."

गोळी बनवणाऱ्या कारखान्याने काम सोडलं. कंदर्पची संशोधनाची खोली गेली, फक्त शिकवणं राहिलं. वीस वर्षं त्याने मुलांना शिकवलं. कुठलं औषध कशाबरोबर घेऊ नये, हा धडा तो फार चांगला शिकवायचा असं म्हणतात. मुलं त्याच्या मागे त्याला 'पाण्याची गोळी' म्हणायची. ते त्याला माहीत होतं.

तो सुट्टीला यायचा. आम्ही दोघं अंगणात बसायचो. सोणपाहीविषयी तो बोलायचा नाही, मीही नाही. माझ्या रिकाम्या संध्याकाळी बघून त्याने मला अक्षरं शिकवली, पन्नाशीला. एवढं त्याने माझ्यासाठी केलं. आकडे खोटे नव्हते, हे मात्र तो अधूनमधून म्हणायचा. मला पटवायला नाही. स्वतःशीच म्हणायचा.

२००६ च्या बोहागात, म्हणजे वैशाखात, मी विहिरीच्या काठावर घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. जखमही चिघळली होती. तालुक्याच्या डॉक्टरने दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. कंदर्प तेव्हा निवृत्त होऊन आला होता. सकाळी त्याने पाकिटं उलटीसुलटी करून बघितली.

"ककाइदेउ, या दोन एकदम घ्यायच्या नाहीत. मधे दोन-तीन तास जाऊ द्यायचे."

"का?"

"ही पांढरी हाडांची. ही म्हणजे नुसता चुना, दुधात असतो तोच. ती दुसरीला पोटात धरून ठेवते, रक्तात जाऊ..."

माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून माझं तामूल तोच लावत होता. डाव्या तळव्यावर पान होतं. उजव्या हाताचं बोट डबीतून नुकतंच बाहेर आलेलं, टोकाला चुना. तो बोलता बोलता थांबला आणि त्या बोटाकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने पान खाली ठेवलं. बोट खांद्यावरच्या गामोशाला पुसलं. पुन्हा पुसलं. मग उठून विहिरीवर गेला आणि हात धूत राहिला, बराच वेळ. परत आला तेव्हा त्याने एकच विचारलं.

"वॉर्डात थुंकायला मनाई होती, ककाइदेउ. तिथे कुणी तामूल खायचं नाही. हो ना?"

मला वॉर्डाचं काय माहीत. त्याच दुपारी तो गुवाहाटीला गेला.

त्यानंतर तो दीड वर्ष हिंडला. गुवाहाटी, कोलकाता, दिल्ली. पुन्हा एकदा करून बघा, या वेळी तामूल वर्ज्य करून, एवढंच मागणं होतं. बरठाकुर वारले होते. कारखान्याच्या जागी लग्नाचं सभागृह झालं होतं. दिल्लीत एका तरुण अधिकाऱ्याने त्याला चहा दिला, दुधाचा, आणि सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण आता दुसरी औषधं आली, मच्छरदाण्या आल्या. तुमच्या भागात ताप किती उरलाय? ही गोळी आता कोणासाठी करायची?"

हे सांगताना कंदर्पने माझ्याकडे बघितलं. "ताप कमी झाला हे चांगलंच आहे ना, ककाइदेउ?"

"चांगलंच आहे."

"चांगलंच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्यापुढे आला. हातात सोणपाहीचं तबक होतं. आमच्याकडे थोरल्यांची क्षमा मागायची ती अशीच, तामूल पुढे ठेवून, गुडघ्यांवर बसून. त्याने तबक माझ्या पायाशी ठेवलं. गुडघे टेकताना त्याला जमिनीला हात लावावा लागला. तोही म्हातारा झाला होता.

"गोळी चांगली होती, ककाइदेउ. तामूल द्या असं मी म्हणालो. आणि नबौंना थांबा असंही मीच म्हणालो."

मी तबकाकडे बघितलं. सुपारी होती, पान होतं. चुना नव्हता.

ती गेली होती, त्याला बावीस वर्षं होत आली होती. मी पान उचललं, सुपारी घातली आणि तोंडात टाकलं. चुन्याशिवाय तामूल घशाला धरतं, नुसतं तुरट लागतं. मी ते चावून गिळलं. तोंड लाल झालं नाही.

"ऊठ," मी म्हणालो. "गुडघे दुखतील."

तो उठला. त्यानंतर त्याने गोळीचं नाव काढलं नाही, आणि आकडे खरे होते असंही पुन्हा म्हटलं नाही. आमच्या घरी येणाऱ्याला तामूल अजून मिळतं, चुन्यासकट. तो मात्र शेवटपर्यंत नको म्हणायचा, आणि लोक त्याचा राग धरायचे.

माझी बायको सोणपाही १९८६ च्या आहार महिन्यात तापाने वारली. माझा भाऊ डॉक्टर कंदर्प पाटगिरी २००९ च्या काती महिन्यात, दुपारी, अंगणातल्या खुर्चीवर, हृदय बंद पडून वारला.