अकरा ते एक

अकरा वाजायला पाच कमी होते आणि मामंजी संगणकापुढे खुर्चीवर मांडी ठोकून बसले होते. ही मांडी गोदामातली. पोत्यांच्या थप्पीवर चाळीस वर्षं ते असेच बसायचे.

सून ओट्याशी घड्याळाकडे बघत उभी होती. मंगळवार, अकरा ते एक. प्रौढांच्या शाळेच्या मुख्य बाईंनी पत्रात साफ लिहिलं होतं की या वेळात फोन करू, नाही लागला तर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावू. ते पत्र पिठाच्या डब्याखाली दडवलेलं होतं. तिथल्या शिक्षिकेच्या जागेसाठी केलेल्या अर्जाचं तिनं घरात कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नोकरीचा नुसता विषय काढला, तर नवरा म्हणाला, "घरात काय कमी आहे?" आणि मामंजी म्हणाले, "मग दुपारचं मला कोण बघणार?" विषय तिथंच मिटला. तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

घरात फोनची लाइन एकच. नवऱ्यानं मोठ्या हौसेनं संगणक आणला आणि त्याच लाइनवर जोडून दिला. इंटरनेट सुरू झालं की फोन बंद. बाहेरून कितीही फिरवा, लाइन व्यस्त.

"सूनबाई, ऐकलंस का? ऑ... क्टो... पस. त्याला तीन हृदयं असतात म्हणे!"

"हो का?" तिनं कढईतून मान वर न काढता म्हटलं.

"तीन! इथं एकाचं दुखणं आवरता आवरेना."

कुठल्या तरी रिकामटेकड्या माणसानं कुठं तरी बसून असल्या गमतीजमतींची पानंच्या पानं भरून ठेवली होती. वर लुकलुकणाऱ्या चांदण्या, खाली लाल-निळी अक्षरं. पान उघडायचं तेही इंचाइंचानं, पडदा वर जावा तसं. मामंजींना त्याचं वेडच लागलं होतं. एकेक अक्षर बोटानं धरून वाचायचे. एका पानाला दोन तास.

आणि हे वाचणं शिकवलं कुणी? तिनंच. सहासष्टाव्या वर्षी त्यांच्या हातात पाटी दिली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौदा महिने रोज तास घेतला. अर्जात विचारलं होतं, आजवर किती जणांना शिकवलंत? तिनं लिहिलं होतं, एक. तो एकच विद्यार्थी आता लाइन अडवून बसला होता. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता तिनं.

साडेअकरा झाले. ती निजायच्या खोलीत गेली आणि तिथला दुसरा फोन हळूच उचलला. कानात किरकिर, शिट्ट्या, मग सगळं गप्प.

"गेली! लाइन गेली!" बाहेरून आवाज आला. "या फोनवाल्यांच्या नानाची टांग!" तिनं रिसीव्हर खाली ठेवला तोवर मामंजींनी पुन्हा जोडलंही होतं. भिंतीपलीकडून मशीनचं ते चिरकं गाणं सुरू झालं.

ती बाहेर आली. "मामंजी, जरा पाय मोकळे करून या ना. ऊन छान पडलंय."

"बाहेर काय ठेवलंय? सगळं जग इथं आहे." त्यांनी पडद्यावर टिचकी मारली. "तूच जा की. जाताना चहा तेवढा ठेवून जा."

ती कुठं जाणार? फोन तर इथंच यायचा होता. ती ओट्याशी परतली. ओट्यावरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, भिंतीवर एक पाइप आणि पाइपाला एक गंजका डाग. अकरा वर्षांत तो डाग ताटलीएवढा झाला होता. तिनं चहा ठेवला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. बारा वीस.

"शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो!"

"त्यात काय नवल," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"साखर टाकली का, आठवत नाही म्हटलं."

पावणेएकला तिनं पुन्हा तोच डाव टाकला. फोन उचलला, ठेवला, आणि या वेळी धावतच बाहेर आली. लाइन तुटली होती. मामंजी शिव्या घालत माऊस शोधत होते. आणि पडद्यावर पान जसंच्या तसं होतं. चांदण्या होत्या, लाल-निळी अक्षरं होती, ऑक्टोपस जागच्या जागी होता.

"मामंजी, थांबा. जोडू नका."

"अगं, निम्मं पान राहिलंय! लाइन नसली तर अक्षरं राहतील का?"

आत्ता तिच्या डोक्यात उजेड पडला. अक्षरं तारेतून येतात, तार तोडली की आल्या वाटेनं परत जातात, असं धरून हा माणूस इतके महिने जीव मुठीत घेऊन वाचत होता.

"जातील कुठं? लाइन तुटलेलीच आहे आत्ता. बघा, एक तरी अक्षर गेलं का?"

मामंजींनी पडद्यावर बोट ठेवलं. एक ओळ तपासली, दुसरी तपासली. "आहेत की गं. मी वाचेपर्यंत थांबतील?"

"संध्याकाळपर्यंत थांबतील. पाटी पुसल्यावरही तुम्ही असंच ओरडायचात."

त्यांनी तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं, मग संगणकातली फोनची तार उपटून तिच्या हातात दिली.

एक वाजायला सात मिनिटं असताना फोन खणाणला. ती पोचायच्या आत मामंजींनी उचललासुद्धा.

"हॅलो? सूनबाई? कोण बोलतंय?... कसली शाळा?" ते बराच वेळ ऐकत राहिले. तार अजून तिच्या मुठीतच होती. मामंजींनी रिसीव्हरवर हात धरला. "बाई म्हणते, चारदा फिरवला. आता शेवटचा म्हणून लावला. तुझा तो एक विद्यार्थी खरंच वाचतो का, विचारतेय." मग म्हणाले, "मला बोलली नाहीस."

"तुम्ही म्हणाला असतात, दुपारचं मला कोण बघणार."

"म्हणालो असतो."

गॅसवरचा चहा आटून करपायला लागला, गॅस बंद करायला कुणी हललं नाही. मामंजी पडद्याकडे वळले, बोट शोधत शोधत एका ओळीवर आलं.

"हॅलो, बाई. तो विद्यार्थी मीच. ऐका. जि... राफाच्या मानेत... माणसाइतकीच सात... हाडं असतात. फुलपाखरू पायांनी चव घेतं."

पलीकडचं हसणं तिला उभ्या जागी ऐकू आलं. तिनं हात पुढं केला. मामंजींनी खांदा आडवा घातला.

"सोमवारी? दहाला? येईल की. दुपारचं माझं मी बघेन, हात काय मोडलेत माझे? पण फोन ठेवू नका बाई, अजून तीन गमती राहिल्यात."