जनरेटरजवळची हाक

मंदाकिनी गेल्याचा फोन आला तेव्हा दिगंबर सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या बसमध्ये तिचीच वाट पाहत होता. निवृत्तीनंतर हिंडायला म्हणून दोघांनी त्या जुन्या बसमध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेतली होती. मागे जनरेटर चालू होता. "मंडईतून भाजी आणते, मग मीच बंद करीन," असं सांगून ती गेली होती. भाजीच्या गाळ्यासमोरच कोसळली. दिगंबर होता तसा धावला. जनरेटर डिझेल संपेपर्यंत चालला. शेजारच्या आनंदीबाई भेटायला आल्या, तेव्हा आधी धुराबद्दल बोलल्या आणि मग डोळे पुसले.

बसमध्ये दोन मेन स्विच होते, एक जनरेटरचा, एक सोसायटीच्या विजेचा. दोन्ही एकदम चढले तर जनरेटर जळायचा, नाहीतर त्याचा करंट उलटा बाहेरच्या लाइनीत जाऊन एखादा वायरमन मरायचा. म्हणून ती मागे जाऊन जनरेटर बंद करायची आणि तो पुरता थांबला की "बंद" अशी हाक द्यायची. मग दिगंबर त्याचा स्विच पाडायचा, आणि त्यानंतरच दुसरा चढवायचा. दोन्ही एकदम चढूच न देणारा चेंजओव्हर स्विच त्यानं तापकीर गल्लीतून आणला होता. मंदाकिनीनं तो खोक्यातून काढू दिला नाही. "मी आहे ना," म्हणाली.

महिन्यानं मुलगा अवधूत कोथरूडहून आला. त्याला बस कोकणात न्यायची होती.

"आईला आवडलं असतं, बाबा."

"आईला काय आवडायचं ते तुला फोनवरून बरं कळायचं."

अवधूतनं डिझेल भरून जनरेटर लावून पाहिला, पंखा फिरला. मग सोसायटीची वायर जोडून त्यानं दुसऱ्या स्विचकडे हात नेला. दिगंबरनं त्याचं मनगट धरलं.

"हाक आली का?"

"कोणाची?"

दिगंबर खाली उतरला. मागे जाऊन स्वतःच जनरेटर बंद केला. तो थांबल्यावर तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. परत येऊन त्यानं वायर उपसली आणि बसची किल्ली खिशात घातली.

"तो खोक्यातला स्विच बसवून घेऊ," अवधूत म्हणाला. "उद्या वायरमन आणतो. तासाभराचं काम आहे."

"तुझ्या आईचं काम तासाभरात होतं होय? आम्ही उगाच दोघं राबत होतो."

अवधूत जेवायला थांबला नाही.

बस पार्किंगमध्येच उभी आहे. स्विच अजून बसवलेला नाही.