लाल सोंगटीची उडी

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. मात्र सांगण्यासारखी गोष्ट आहे ती माझ्या पाठीची.

लासूर स्टेशनच्या सांडू मिस्त्रींनी मला घडवले. संभाजीनगरच्या एका शाळेत मी बारा वर्षे बोरीक पावडर खाल्ली आणि मोठमोठ्या शिक्षकांना एका सोंगटीवरून रुसताना पाहिले. पुढे माझ्या जाळ्या फाटल्या, लाकूड फुगले आणि मला अडगळीत टाकले. तिथून मला उचलले राजकुमार सरांनी. ते मुलींना बास्केटबॉल शिकवत. त्यांनी मला पालथे करून पाठीवर पांढऱ्या रंगाने मैदान आखले आणि संघातल्या प्रत्येक मुलीसाठी एक सोंगटी ठरवली. म्हातारपणी असे मानाचे काम मिळाले म्हणून मी किती मिरवलो म्हणून सांगू!

प्रत्येक मुलीला काय उत्तम जमते ते सर महिनाभर बघत राहिले. मग तिच्या सोंगटीवर कागद चिकटवून त्यांनी तेवढेच लिहिले. सायलीच्या सोंगटीवर 'पास', डावखुऱ्या निशाच्या 'नेम', धिप्पाड प्रेरणाच्या 'भिंत', मागे राखण करणाऱ्या सोनियाच्या 'नजर'. लाल सोंगटी विशाखाची. तिच्यावर लिहिले होते 'उडी'. बिडकीनहून एसटीने येणारी ही पोरगी एकदा उडाली की खाली यायचे विसरते, असे सर म्हणत.

या गुणांवरच त्यांनी खेळी बसवली. निशा कोपऱ्यात पळायची. तिच्या नेमाला घाबरून विरोधी संघातली एक तिच्यामागे जायची. प्रेरणा पाय रोवून उभी राहायची, म्हणजे विशाखाच्या मागावरची मुलगी तिथेच अडायची. तेवढ्यात सायली चेंडू रिंगजवळ उंच फेकायची आणि विशाखा तो हवेतच झेलून जाळीत टाकायची. हे शिकवताना लाल सोंगटी इतक्यांदा सरकली, की तिच्या वाटेवरचा रंग पार झिजला.

जिल्ह्याचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. त्याआधी खेळाच्या खोलीत विशाखा गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसली होती.

"गुडघा लई सुजलाय गं. सरांना सांग," निशा म्हणाली.

"नाय सांगायचं. सगळी खेळी माझ्या उडीवर बसवलीय. मीच नाय उडाले तर तुम्ही चौघी पळून काय करणार?"

मी सगळे ऐकले. पण मला तोंड कुठे होते? एवढ्यात सर आले. त्यांनी मला मांडीवर घेतले आणि लाल सोंगटी रिंगपाशी नेली.

"काय विशाखा, जमेल ना?"

"व्हय सर."

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. खेळी माझ्या पाठीवर होती तशीच्या तशी झाली. विशाखा उडाली. चेंडू जाळीतून खाली आला आणि पाठोपाठ ती कोसळली. आम्ही जिंकलो होतो, मित्रांनो. त्या जल्लोषात तिची किंकाळी आधी कोणाच्या कानावरच गेली नाही.

गुडघ्याचे ऑपरेशन झाले. पुन्हा उडी मारायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पाच महिन्यांनी ती आईचा हात धरून संघाची जर्सी परत करायला आली.

"अगं, मला एकदा सांगायचं होतंस," सर म्हणाले.

"तुम्ही जमंल का ते इचारलं, सर. दुखतंय का, ते कधी नाय इचारलं."

ती रागावली नव्हती. म्हणूनच ते ऐकवेना. सरांनी लाल सोंगटी खिशात टाकली आणि मला भिंतीकडे वळवून ठेवले.

आता माझ्यावर धूळ साचली आहे. साचू दे. पण मित्रांनो, कोणाच्या गुणावर खेळी बसवाल तेव्हा त्याच्या दुखण्याचीही चौकशी करा. सोंगटीला गुडघा नसतो, मुलीला असतो. सर हल्ली रोज सरावाआधी प्रत्येकीला विचारतात, "कुठे दुखतंय का?" मुली हसून नाही म्हणतात. जिने हो म्हणायला हवे होते, ती त्या रांगेत नसते.